थंड देशांतले ऊबदार घर : आधी भिंती, मग हीट पंप, शेवटी सौर पॅनेल

विशेष प्रतिनिधी

रशियाने फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण केले आणि त्या वर्षीच्या हिवाळ्यात घर ऊबदार ठेवण्याची खरी किंमत युरोपातील कोट्यवधी कुटुंबांना नव्याने कळली. त्याआधी जर्मनीत आयात होणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी निम्म्याहून अधिक वायू एकट्या रशियातून येत असे. तो पुरवठा आटला, दर भडकले आणि बॉयलरचे बिल पाहून अनेकांच्या पोटात गोळा आला. 'गॅसचा बॉयलर काढा, हीट पंप बसवा, छतावर सौर पॅनेल टाका' हा सल्ला तेव्हापासून घरोघरी ऐकू येऊ लागला. जर्मनीत तर २०२३ साली नव्या तापनयंत्रांविषयीच्या कायद्यावरून सत्ताधारी आघाडीतच मोठे रण माजले.

पुण्या-मुंबईहून नोकरीनिमित्त जर्मनी, ब्रिटन वा नेदरलँड्समध्ये गेलेल्या आणि तिथे घर घेतलेल्या अनेक मराठी कुटुंबांपुढेही आज हाच प्रश्न आहे. सल्ला चुकीचा नाही. परंतु त्यातील कामांचा क्रम चुकला की लाखमोलाची यंत्रणा घरमालकाच्या गळ्यातील लोढणे ठरते. अल्प ऊर्जेत ऊबदार राहणारे घर कसे आखतात, त्यात हीट पंपाचे काम कोणते आणि सूर्याचे कोणते, हे म्हणूनच मुळापासून समजून घेणे आवश्यक आहे.

उष्णता 'निर्माण' न करणारे यंत्र

हीट पंप हे नाव आपल्याला नवे वाटले तरी हे यंत्र आपल्या परिचयाचे आहे. स्वयंपाकघरातील फ्रिज आणि दिवाणखान्यातील एसी हे दोन्ही हीट पंपच होत. फ्रिज आतील उष्णता उपसून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. एसी खोलीतील उष्णता गच्चीवरच्या वा खिडकीबाहेरच्या यंत्रातून रस्त्यावर ओततो. हेच चक्र उलट फिरवले, म्हणजे बाहेरची उष्णता उपसून घरात आणली, की झाला घर तापवणारा हीट पंप.

बाहेर बर्फ पडत असताना तिथे उष्णता कुठून येणार, हा प्रश्न स्वाभाविक आहे. याचे उत्तर यंत्रात फिरणाऱ्या द्रवात दडलेले आहे. युरोपातील नव्या यंत्रांत अलीकडे प्रोपेन वायूचा वापर वाढला आहे. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसला उकळतो. त्यामुळे शून्य अंशाची हवासुद्धा त्याच्या दृष्टीने 'गरम' ठरते. बाहेरच्या हवेतील उष्णता शोषून या द्रवाची वाफ होते. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, दाबल्यामुळे तिचे तापमान वाढते आणि ही तापलेली वाफ घरात फिरणाऱ्या पाण्याला आपली उष्णता देऊन पुन्हा द्रवरूप होते. मग दाब कमी केला जातो आणि चक्र पुन्हा सुरू होते.

येथे वीज खर्च होते ती मुख्यतः वाफ दाबण्यासाठी. साध्या विजेच्या हिटरमध्ये एक युनिट वीज घातली की एक युनिट उष्णता मिळते, त्याहून अधिक काही नाही. हीट पंपात एक युनिट विजेच्या बळावर तीन ते चार युनिट उष्णता घरात येते. उरलेली दोन-तीन युनिटे बाहेरच्या हवेने वा जमिनीने फुकट दिलेली असतात. या गुणोत्तराला कार्यगुणांक म्हणतात. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेने जुन्या, राहत्या घरांत बसवलेल्या यंत्रांची प्रत्यक्ष मोजणी केली. २०२० मध्ये जाहीर झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार हवेतून उष्णता घेणाऱ्या पंपांचा सरासरी वार्षिक गुणांक ३.१, तर जमिनीतून घेणाऱ्यांचा ४.१ भरला.

कल्पना पावणेदोनशे वर्षांची

ही कल्पना तशी फार जुनी आहे. १८५२ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन म्हणून विख्यात झालेले शास्त्रज्ञ, यांनी अशा यंत्राने इमारती तापवता येतील असे मांडले. १८५०च्या दशकातच ऑस्ट्रियातील पेटर फॉन रिटिंगर यांनी एबेन्झे येथील मिठागरात हे तत्त्व प्रत्यक्ष वापरून पाहिले. स्वित्झर्लंडकडे स्वतःचा कोळसा नव्हता. त्या निकडीतून १९३८ मध्ये झुरिकच्या नगरभवनात लिमाट नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा हीट पंप सुरू झाला, आणि तो कित्येक दशके चालला.

हे यंत्र कडाक्याच्या थंडीत निरुपयोगी ठरते, असा समज अजूनही आढळतो. युरोपात हीट पंपांचे प्रमाण सर्वांत जास्त आहे ते मात्र नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड या तीन अतिथंड देशांत. नॉर्वेत तर शंभरातील सुमारे साठ घरांत हीट पंप आहे. मुबलक जलविद्युत आणि उत्तम बांधणीची घरे ही त्यामागची दोन मोठी कारणे. यातील दुसरे कारण बहुतेक खरेदीदारांच्या नजरेतून सुटते.

भोके पडलेली बादली

घर तापवणे म्हणजे भोके पडलेल्या बादलीत पाणी भरत राहणे. आतील उष्णता भिंती, छत, खिडक्या, जमीन आणि फटी यांतून सतत बाहेर जात असते. जेवढी गळती, तेवढाच भरणा करावा लागतो. म्हणून तज्ज्ञ अभियंता यंत्राची माहितीपत्रके उघडण्याआधी गळतीचा हिशेब मांडतो. युरोपात त्यासाठी ईएन १२८३१ हे मानक असून त्यानुसार प्रत्येक खोलीचा स्वतंत्र हिशेब होतो.

हा हिशेब वाटतो तितका क्लिष्ट नाही. भिंतीच्या एका चौरस मीटरमधून, आत-बाहेर एक अंशाचा फरक असताना, किती वॅट उष्णता निसटते तो आकडा म्हणजे त्या भिंतीचे यू-मूल्य. हा आकडा जितका लहान, तितकी भिंत चांगली. जुन्या, अस्तर नसलेल्या विटांच्या भिंतीचा आकडा साधारण १.४ ते २ असतो. उष्णतारोधक अस्तराचा जाड थर दिला की तो ०.२ पर्यंत उतरतो. एकेरी काचेची खिडकी ५च्या पुढे, जुनी दुहेरी काच २.८च्या आसपास आणि आधुनिक तिहेरी काचेची खिडकी ०.८ ते ०.९च्या घरात असते.

उदाहरणादाखल १२० चौरस मीटरचे एक जुने स्वतंत्र दुमजली घर घेऊ. भिंती १५० चौरस मीटर, खिडक्या २५, छत ७० आणि तळजमीन ७० चौरस मीटर, तर आतील हवा ३०० घनमीटर. भिंतींचे यू-मूल्य १.४ धरले तर एका अंशामागे २१० वॅट जातात. खिडक्यांतून (२.८ दराने) ७०, छतातून (१.० दराने) आणखी ७० आणि जमिनीतून ३५ वॅट, जमिनीखालची माती बाहेरच्या हवेइतकी थंड नसल्याने तिथे निम्मीच गळती धरली आहे. फटींतून तासाला घरातील साठ टक्के हवा बदलते असे मानले, तर त्यापायी ६१ वॅट. एकूण ४४६ वॅट. बाहेर उणे १० आणि आत २० अंश, म्हणजे ३० अंशांचा फरक असेल, तर हे घर दर क्षणी सुमारे १३.४ किलोवॅट उष्णता गमावते. सात घरगुती इस्त्र्या अहोरात्र चालू ठेवल्यावर जेवढी उष्णता निघेल, तेवढी ही गळती आहे.

आता याच घराच्या भिंतींना जाड अस्तर दिले (०.२), खिडक्या तिहेरी काचेच्या केल्या (०.९), छतावर भरपूर रोधक थर घातला (०.१५), तळजमीन सुधारली (०.३) आणि फटी बुजवून बाहेर जाणाऱ्या हवेतील उष्णता परत मिळवणारी वायुवीजन यंत्रणा बसवली. भिंती ३०, खिडक्या २२.५, छत १०.५, जमीन १०.५ आणि हवा सुमारे १५, अशी बेरीज केवळ ८९ वॅट भरते. त्याच उणे १० अंशांच्या रात्री या घराला २.७ किलोवॅट पुरतात. गळती पाचपट घटली.

या पाचपटीत सारे रहस्य आहे. पहिल्या घराला १४ किलोवॅटचा मोठा हीट पंप लागेल, दुसऱ्याला ३ ते ४ किलोवॅटचा लहानसा पुरेल. यंत्राची किंमत, विजेची जोडणी, बाहेरच्या पंख्याचा आवाज आणि दरमहाचे बिल हे सारे या एका आकड्यावर ठरते.

डार्मश्टाटचा धडा

ही केवळ कागदावरची गणिते नाहीत. स्वीडनचे प्राध्यापक बो अॅडमसन आणि जर्मन भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग फाइस्ट यांच्यात १९८८ मध्ये झालेल्या चर्चेतून एक प्रश्न पुढे आला. घराची गळती इतकी कमी करता येईल का, की नेहमीच्या तापनयंत्रणेची गरजच जवळपास संपेल? त्याचे उत्तर म्हणून फ्रँकफुर्टजवळच्या डार्मश्टाट शहरातील क्रानिकश्टाइन भागात चार जोडघरे बांधण्यात आली. १९९१ मध्ये तिथे कुटुंबे राहायला आली. 'पॅसिव्ह हाउस' म्हणून जगभर ओळखल्या जाणाऱ्या बांधणीचा हा पहिला नमुना होय.

या बांधणीचे निकष आज सर्वमान्य आहेत. घर तापवण्यासाठी दर चौरस मीटरला वर्षाकाठी १५ युनिटांहून अधिक उष्णता लागता कामा नये. अस्तर नसलेल्या जुन्या जर्मन घरात हाच आकडा १५० ते २०० वा त्याहूनही अधिक असतो. दुसरी अट हवाबंदपणाची. दारात मोठा पंखा बसवून आत-बाहेर ५० पास्कल दाबाचा फरक निर्माण करतात. तशा अवस्थेत तासाला घरातील हवेच्या ०.६ पटीहून जास्त हवा फटींतून जाता कामा नये.

हवाबंद घरात गुदमरायला होणार नाही का, अशी शंका अनेकांना येते. त्यासाठीच वायुवीजन यंत्रणा लागते. स्वयंपाकघर आणि न्हाणीघरातील दमट हवा ती बाहेर टाकते आणि बाहेरची ताजी हवा शयनगृहात व बैठकीत आणते. मधल्या पेटीत दोन्ही प्रवाह एकमेकांत न मिसळता पातळ पडद्यांलगत वाहतात आणि जाणारी हवा येणाऱ्या हवेला आपली बहुतांश उष्णता देऊन जाते. घर हवाबंद करून वायुवीजन विसरले, तर भिंतींच्या थंड कोपऱ्यांत ओल धरते आणि काळी बुरशी चढते. घरात लहान मूल किंवा दम्याचा रुग्ण असेल, तर ही चूक आरोग्यावर बेतते.

पाणी किती गरम?

गळतीनंतरचा दुसरा प्रश्न उष्णता खोलीत पोहोचवण्याचा. जुन्या बॉयलरची यंत्रणा ६० ते ७० अंशांचे पाणी लहानशा रेडिएटरमधून फिरवते. हीट पंपाला मात्र इतके चढे तापमान मानवत नाही. विहिरीतून पाणी शेंदताना विहीर जितकी खोल, तितके श्रम जास्त. तसेच बाहेरच्या आणि फिरत्या पाण्याच्या तापमानातील अंतर जितके मोठे, तितकी वीज जास्त.

भौतिकशास्त्राच्या नियमाने याची कमाल मर्यादाही काढता येते. बाहेर शून्य अंश असताना ३५ अंशांचे पाणी हवे असेल, तर आदर्श यंत्राचा गुणांक ८.८ येतो, ५५ अंशांचे हवे असेल, तर तो ६ वर घसरतो. प्रत्यक्षातील यंत्रे या आदर्शाच्या साधारण ४० ते ५० टक्के गाठतात. म्हणजे ३५ अंशांना सुमारे ४ आणि ५५ अंशांना पावणेतीन-तीन. केवळ पाण्याचे तापमान २० अंशांनी कमी ठेवल्याने विजेचा खर्च पाव ते तिसऱ्या हिश्श्याने घटतो.

कमी गरम पाण्यातून पुरेशी ऊब हवी असेल, तर उष्णता देणारा पृष्ठभाग मोठा हवा. फरशीखाली नळ्यांचे जाळे टाकण्याची पद्धत त्यासाठी उत्तम, कारण खोलीची सारी जमीनच रेडिएटर बनते. जुन्या घरात फरशी उखडणे शक्य नसेल, तर मोठे रेडिएटर लावतात. गळती कमी केलेल्या घरात जुनेच रेडिएटर अनेकदा पुरतात, कारण पूर्वीच्या मोठ्या गळतीसाठी बसवलेले ते आता गरजेपेक्षा मोठे ठरतात. भिंतींवर केलेला खर्च असा दुसऱ्यांदा फळाला येतो.

आंघोळीच्या पाण्याचा विचार वेगळा करावा लागतो. साठवलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला हे घातक जिवाणू वाढू शकतात. म्हणून टाकीतील पाणी ठरावीक काळाने ६० अंशांपर्यंत नेण्याची सोय ठेवतात.

हवा की जमीन?

उष्णता हवेतून घ्यायची की जमिनीतून, ही निवड जागा आणि खिसा पाहून होते. जर्मनीत जमिनीत दहा-पंधरा मीटर खाली वर्षभर सुमारे १० अंश तापमान असते. तिथे नळ्या सोडल्या तर कडाक्याच्या थंडीतही पंपाला तुलनेने उबदार उगम मिळतो. मात्र त्यासाठी शंभर मीटरच्या आसपास खोल बोअर घ्यावी लागते आणि खर्च बराच वाढतो. हवेचा पंप स्वस्त व सुटसुटीत असतो, पण नेमक्या सर्वांत थंड रात्री, जेव्हा गरज सर्वाधिक, तेव्हाच त्याचा गुणांक सर्वांत कमी असतो. शून्याच्या आसपासच्या दमट हवेत त्याच्या बाहेरच्या जाळीवर हिम साचते. ते वितळवण्यासाठी पंपाला अधूनमधून उलटे चालावे लागते. बाहेरचे यंत्र शेजाऱ्याच्या शयनगृहाखाली ठेवणे भांडणाला आमंत्रण ठरते. शिवाय प्रोपेन ज्वालाग्राही असल्याने खिडक्या आणि गटाराची तोंडे यांपासून ठरावीक अंतर राखावे लागते.

यंत्र 'असू द्या थोडे मोठे' म्हणून घेण्याची सवय येथे महागात पडते. गरजेपेक्षा मोठा पंप दर काही मिनिटांनी चालू-बंद होत राहतो. त्यामुळे गुणांक घसरतो आणि कॉम्प्रेसरचे आयुष्य कमी होते. नेमक्या मापाचा पंप मंद गतीने दीर्घकाळ चालतो आणि तेच त्याला मानवते.

बिलाचे गणित

हे सारे रुपयांत मांडले की मुद्दा अधिक स्पष्ट होतो. जर्मनी व ब्रिटनमध्ये घरगुती विजेचे एक युनिट गॅसच्या एका युनिटापेक्षा अलीकडच्या वर्षांत साधारण तीन ते चार पट महाग राहिले आहे. समजा, गॅसचे युनिट एक रुपयाला आणि विजेचे तीन रुपयांना आहे. चांगला बॉयलर गॅसमधील ९० टक्के उष्णता देतो, म्हणजे उष्णतेचे एक युनिट १ रुपया ११ पैशांना पडते. हीट पंपाचा वार्षिक गुणांक २.५ असेल, तर तेच युनिट १ रुपया २० पैशांना पडेल, म्हणजे गॅसपेक्षा महाग! गुणांक ३ असेल, तर १ रुपया आणि ४ असेल, तर ७५ पैसे. तेच यंत्र, तोच दर. फरक केवळ घर आणि पाण्याचे तापमान यांचा. 'हीट पंप बसवला आणि बिल वाढले' या तक्रारीचे आणि 'बिल निम्म्यावर आले' या समाधानाचे मूळ पुष्कळदा याच फरकात असते. विजेचा दर गॅसच्या चौपट असेल, तर ही परीक्षा आणखी कठीण होते.

सूर्य हवा तेव्हा नसतो

आता सौर पॅनेल. जर्मनीत एक किलोवॅट क्षमतेची पॅनेल वर्षाला सुमारे ९०० ते १००० युनिट वीज देतात. आठ किलोवॅटची यंत्रणा म्हणजे वर्षाला साडेसात हजारांच्या आसपास. पहिल्या नजरेत वाटते की आता घर फुकट तापेल. अडचण आहे ती ऋतूंची. डिसेंबरात तिथे दिवस लहान, सूर्य क्षितिजालगत आणि आकाश बहुधा ढगाळ. त्या महिन्यातील उत्पादन जूनच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकेच असते. आठ किलोवॅटची पॅनेल डिसेंबरात जेमतेम २०० युनिट देतात.

आपली दोन घरे पुन्हा समोर ठेवू. जुन्या, गळक्या घराला वर्षाकाठी सुमारे २८ हजार युनिट उष्णता लागते. गुणांक २.६ धरला तर त्यासाठी पावणेअकरा हजार युनिट वीज, आणि त्यातील दोन हजारांच्या आसपास एकट्या डिसेंबरात. तिथे पॅनेलची २०० युनिटे म्हणजे दर्यामे खसखस. सुधारलेल्या घराला वर्षभरासाठी साडेतीन हजार युनिट उष्णता लागते. साडेतीनच्या गुणांकाने वीज हजार युनिट, आणि डिसेंबरात सुमारे २००. येथे पॅनेलचे आकडे प्रथमच गरजेच्या जवळ येतात. दिवे, स्वयंपाक आणि गरम पाणी यांसाठी वीजमंडळाकडून वीज घ्यावीच लागते, पण ती आवाक्यात राहते.

बॅटरीने हा प्रश्न सुटेल असे अनेकांना वाटते. घरगुती बॅटरी साधारण दहा युनिट साठवते. दुपारची वीज रात्रीला पुरवण्यास ती उपयोगी. जूनची वीज जानेवारीसाठी राखण्यास मात्र नव्हे. हजार युनिटांसाठी अशा शंभर बॅटऱ्या लागतील. त्यापेक्षा स्वस्त साठवण घरातच असते. फरशीखालचे काँक्रीट आणि गरम पाण्याची टाकी दुपारी, म्हणजे ऊन असताना आणि बाहेरची हवाही त्यातल्या त्यात उबदार असताना, तापवून घ्यायची आणि संध्याकाळी पंप कमी चालवायचा. गळती कमी असेल तर हे घर कित्येक तास ऊब धरून राहते. गळक्या घरात ही युक्ती चालत नाही.

पॅनेलआधीचा सूर्य म्हणजे खिडकीतून येणारे ऊन. पन्नास अक्षांशावर डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेसोळा अंश वर असतो, तर जूनमध्ये साडेत्रेसष्ट अंश. दक्षिणेकडच्या मोठ्या खिडकीवर बेताचा सज्जा काढला, की हिवाळ्याचे तिरपे ऊन खोलीत खोलवर येते आणि उन्हाळ्याचे वरच्यावर अडते. त्यासाठी ना वीज लागते, ना यंत्र.

लडाखचा निराळा सूर्य

भारतात घर तापवण्याचा प्रश्न प्रकर्षाने भेडसावतो तो हिमालयात. लडाखमध्ये हिवाळ्यात पारा उणे २० अंशांखाली जातो, पण जर्मनीच्या नेमके उलट तिथे हिवाळ्यातही स्वच्छ ऊन असते. त्यामुळे तिथे सूर्य ऐन गरजेच्या वेळी कामाला येतो. लेहजवळच्या फे गावातील 'सेकमॉल' या संस्थेच्या शाळेच्या इमारती मातीच्या जाड भिंतींच्या आणि दक्षिणाभिमुख असून कोळसा वा डिझेल न जाळता हिवाळ्यात राहण्याजोग्या उबदार राहतात. काचेमागे काळी भिंत उभारून दिवसाची उष्णता रात्री खोलीत सोडण्याची रीतही लडाखमध्ये रुजली आहे. २०१९ मध्ये श्रीनगरहून येणाऱ्या पारेषण वाहिनीने लेह राष्ट्रीय वीजजाळ्याशी जोडले गेले. हीट पंपाला तिथे वाव आहे, पण क्रम तोच : आधी दिशा आणि भिंती, मग यंत्र.

महाराष्ट्राशी संबंध

आपल्याकडे घर तापवण्याची वेळ क्वचितच येते. तरी या विषयाशी महाराष्ट्राचे थेट नाते जुळले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. त्यात परिचारिकांबरोबरच वीजतंत्री, नळकारागीर आणि तापनयंत्रणेचे कारागीर यांचाही समावेश आहे. आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या ज्या तरुणांना ही वाट धरायची आहे, त्यांना जर्मन भाषेइतकीच गळतीच्या हिशेबाची भाषाही शिकावी लागेल. पंप जोडणारे पुष्कळ मिळतात. खोलीनिहाय हिशेब मांडून योग्य मापाचा पंप सुचवणारे थोडे.

शिवाय नियम इथेही तेच आहेत, फक्त दिशा उलट. विदर्भाच्या मे महिन्यात तापलेल्या स्लॅबखाली दोन टनांचा एसी हाशहुश करतो, तिथे छतावर उष्णतारोधक थर आणि पश्चिमेच्या खिडकीला सावली दिली तर लहान एसी पुरतो. त्यात आपले भाग्य असे, की गारवा हवा असतो तेव्हाच ऊनही भरपूर असते.

घरमालकाने काय विचारावे?

कंत्राटदाराशी बोलताना पुढील प्रश्न जरूर विचारावेत.

१) माझ्या घराचा खोलीनिहाय उष्णतागळतीचा हिशेब लेखी मिळेल काय? केवळ क्षेत्रफळावरून वा जुन्या बॉयलरच्या आकारावरून पंप सुचवला जात असेल, तर सावध व्हावे.

२) ऐन थंडीत रेडिएटरमधील पाणी किती अंशांचे लागेल? ४५ अंशांखाली असल्यास उत्तम, ५५च्या वर असल्यास आधी भिंती-खिडक्यांकडे पाहावे. याची घरगुती परीक्षाही आहे. थंडीच्या आठवड्यात जुन्या बॉयलरचे तापमान ५५ अंशांवर आणून घर पुरेसे ऊबदार राहते का, ते पाहावे.

३) वर्षभराचा अपेक्षित गुणांक किती? माहितीपत्रकातील एका तापमानाचा आकडा पुरेसा नाही.

४) पॅनेलच्या वार्षिक उत्पादनाऐवजी डिसेंबर आणि जानेवारीचे उत्पादन किती?

५) सरकारी अनुदान कशाला मिळते? ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२३ पासून हीट पंपासाठी साडेसात हजार पौंडांचे अनुदान लागू झाले. अशा योजना बदलत असल्याने करारापूर्वी ताजी माहिती घ्यावी.

सारेच एका वर्षात करणे प्रत्येकाला परवडणारे नसते. अशा वेळी छताचा रोधक थर आणि फटी बुजवणे हे सर्वांत स्वस्त काम प्रथम हाती घ्यावे, खिडक्या बदलण्याची वेळ आली की तिहेरी काचेच्या घ्याव्यात, भिंतींना रंग काढण्यासाठी परात बांधली जाईल तेव्हाच अस्तर लावून घ्यावे, आणि बॉयलर म्हातारा झाला की त्याच्या जागी हीट पंप आणावा. पॅनेल बसवण्याआधी मात्र छताचे काम पूर्ण झालेले असावे. नाहीतर वर्षा-दोन वर्षांत ती पुन्हा उतरवावी लागतात आणि मजुरी दुप्पट पडते. यंत्रे पंधरा-वीस वर्षांनी बदलतात, पण नीट बांधलेली भिंत दोन पिढ्यांचे बिल वाचवते.